दोन सूत

डावं चाक अडकलं. रविवारची सकाळ होती, साडेसात वाजले होते आणि रायपूरजवळच्या नव्या राजधानीतल्या त्या नव्या कोऱ्या गोल्फच्या मैदानावर आम्ही चाकं लावून शिवलेल्या बॅगेची ट्रायल चालली होती. पहिल्या होलपर्यंत बॅग मुकाट्यानं आली. मग उतार लागला, तिथलं गवत दवानं चिंब होतं, आणि डावं चाक फिरायचं थांबलं. उजवं फिरत राहिलं. त्यामुळे बॅग आधी तिरपी झाली. ओढत होते क्लबचे सेक्रेटरी साहेब. आपण ओढलं की दुनिया मागं येते अशी त्यांची समजूत असावी, कारण थांबून खाली बघायचं सोडून त्यांनी हिसका दिला, आणि इतक्या लाडानं वाढवलेल्या त्या गवतात हातभर काळी रेघ उमटली. माझ्या शेजारी माझी बायको इंदू उभी होती. तिच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं. मला वाकून बघायची गरज नव्हती. कुठं काय घासतं आहे ते मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते खरं सांगायचं तर एवढंच आलं, की बरं झालं.

"ये बैग है कि हल है, नरहर जी?" साहेब म्हणाले, आणि त्यांच्याबरोबरचे कमिटीचे दोघे लगेच हसले. हसायला ते तयारच होते. मागं दयाराम उभा होता, तिथला कॅडी, पन्नाशीचा, साहेब लोकांच्या काठ्या वाहणारा. तो म्हणाला, "हव साहब, नांगर चलत हे." छत्तीसगढीत नांगराला नांगरच म्हणतात, त्यामुळे आपल्याला कळलं नाही असं सोंगही करता येईना. दयाराम खाली बसला, बोटानं चाक फिरवून पाहिलं, फिरलं नाही, मग चाकावर आलेल्या कापडाची कड त्यानं नखानं उचलली. "कपड़ा ह चक्का ला धर ले हे, दीदी," तो इंदूला म्हणाला. मला नाही, तिला. सगळे तिलाच सांगतात. कॅनव्हास ओलं झालं की फुगतं, ताणतं आणि जे जवळ असेल ते धरतं, हे सिलतऱ्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: मी दोन सूत सांगितलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. चाक आणि कापड यांच्यामध्ये पाव इंच जागा सोडा असं मी स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिथं पाव इंच काय, पोस्टकार्ड जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. मी घसा खाकरला. तेवढ्यात इंदू पुढं झाली आणि म्हणाली, "सर, नाप में मेरी गलती हो गई. चक्के में कोई खराबी नहीं है." झालं! माझं वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. चूक माझी नव्हती हे सांगायचा हक्क तरी ठेवायचा माणसाला, तोही हिनं घेतला. साहेबांनी बुटानं रेघेवर माती लोटली, पुढच्या रविवारी एकदा आणखी दाखवा, शेवटचं, असं म्हणाले आणि आपल्या जुन्या बॅगेकडे वळले. ती दयारामनं एव्हाना खांद्याला लावली होती.

बॅग व्हॅनच्या मागच्या बाजूला आडवी टाकली. इंदू माझ्या शेजारी बसली नाही, मागं बॅगेजवळ बसली. बस तिथंच, मी मनात म्हटलं. मी गाडी काढली. काय ते रस्ते! या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जाते, मध्ये फुलझाडं, दोन्ही बाजूंना दिवे, आणि त्या सगळ्या थाटावरून जाणारे आम्ही दोघं आणि एक म्हातारी म्हैस. पाटी दिसते सेक्टर अमुक, पाटीमागं कमरेएवढं तण. सरळ जावं तर वळायला सांगतात, वळावं तर पुन्हा गोल चौक, त्या चौकात गोल फिरून पुन्हा तसलाच रस्ता. हे शहर ज्यांनी कागदावर काढलं त्यांना घरी कुणी वाट बघणारं नसावं. मला या राजधानीचा राग आहे, त्या गवताचा आहे, गवतावर काठीनं चेंडू हाणून तो शोधायला गाडी घेऊन जाणाऱ्या साहेबांचा आहे. चेंडू शोधायचाच तर मारला काहून? आरशात इंदूचा अर्धाच चेहरा दिसत होता. ती बॅगेवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती, आणि रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

ही बॅग आज पास झाली असती तर क्लबसाठी बारा बॅगा करायच्या होत्या. आणि त्या बारा मिळाल्या की इंदूच्या चारही मशिनी समता कॉलोनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून उचलून सदर बाजारात जाणार होत्या. एका सोनाराच्या दुकानावरची माडीची खोली तिनं बघून ठेवली आहे. मी एकदा गेलो होतो. खाली स्कूटरींचा असा गुंता की पाय ठेवायला जागा नाही, जिना असा की माणसानं आधी पोट आत घ्यावं मग पाय उचलावा, आणि वर गेलं की तीन खिडक्या, भरपूर उजेड. इंदू त्या रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि इथं कटिंगचं टेबल, इथं शिवायला कांताबाई, इथं तयार माल, असं हातानं दाखवत गेली. माझ्यासाठी कुठलीच जागा तिनं दाखवली नाही, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. "घरात दिवसभर खडखड होते, तुम्हाले त्रास होते," ती म्हणाली. "आता एकदाचे मोकळे व्हाल तुम्ही." खडखडीचा त्रास होतो असं मीच वीस वर्षं ओरडत आलो होतो. तिच्याकडे तेव्हा एकच मशीन होती, औषध कंपन्यांच्या एमआर लोकांच्या बॅगा आणि पोट्ट्यांचे क्रिकेटचे किट शिवायची, आणि मी रात्रपाळी करून आलो की उशीखाली डोकं घालून ओरडायचो, बंद कर ते मेलं. मग आता कुठल्या तोंडानं सांगणार?

कारण गोष्ट अशी झाली की दीड वर्षापूर्वी मी रिटायर झालो. पहिला महिना बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडून काढला. बत्तीस वर्षं कानात रोलिंग मिल घेऊन जगलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय ते आधी कळलंच नाही, मला वाटलं कान गेले. मग मागच्या खोलीतल्या मशिनी ऐकू येऊ लागल्या. कोणती मशीन कोण चालवतं ते मी दिवाणावरून सांगायला लागलो. कांताबाईची मशीन न थांबता चालते, इंदूची थांबत थांबत, कारण ती शिवताना विचार करते. अकरा वाजता तिकडे चहा व्हायचा, चार कप, आणि कुणाला तरी आठवण व्हायची, मग पाचवा कप माझ्याकडे यायचा. बशीत सांडलेला. तो चहा येईपर्यंत मी घड्याळाकडे बघत असायचो, आणि आला की म्हणायचो, किती साखर टाकली आहे यात, माणूस आहे का मुंगी. मला ती खडखड हवी होती. ती घरात राहायला हवी होती. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा जीभ झडली असती तरी सांगितलं नसतं.

मागून इंदूचा फोन वाजला. आमचा नीलेश, बंगलोरहून. "मम्मी, पास हुआ क्या?" त्याचा आवाज मला पुढंपर्यंत आला. या घरात दोन पिढ्या मराठी बोलून थकल्या आणि तिसरीनं मराठीत ऐकून हिंदीत उत्तर द्यायचं ठरवलं. "अरे नाई झाला, छोटीशी गोष्ट राहिली," इंदू म्हणाली. "पुढच्या रविवारी आहे नं परत." "पापा क्या बोले?" त्यानं विचारलं. मी आरशात पाहिलं, ती आरशात पाहत नव्हती. "पापा गाडी चालवून राहिले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्या बॅगेत शिरलो तेही तिच्याच बोलावण्यावरून, माझी हौस नव्हती. सेक्रेटरी साहेबांची अडचण अशी होती, की बाहेरून येणाऱ्या बॅगा खांद्यावर घ्यायच्या, आणि ढकलायची गाडी हवी तर ती वेगळी, तिची घडी घाला, ती गाडीच्या डिकीत मावत नाही, मैदानावर पोचल्यावर पुन्हा जोडा. त्यांना एकच वस्तू हवी होती, बॅगेतच चाकं. इंदूनं हुशारी केली आणि सुटकेसची दोन चाकं बॅगेच्या बुडाला लावली. शेजारच्यांच्या लॉनवर ओढून पाहिली तर चाकं गवतात रुतली आणि बॅग बसली. मी व्हरांड्यातून सगळं बघत होतो. हसलो. मला वाटलं चिडेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हसता काय? मग तुम्ही सांगा नं. चाकाचं तुम्हाले कळते, मले नाई." रिटायर झाल्यापासून मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. मी चपला घालून खाली उतरलो.

पुढचे दोन महिने मी दिवाणावर पडलो नाही. चौदा काठ्या, सगळ्या लोखंडी डोक्यानं वर, म्हणजे वजन सगळं वर. सरळ उभी केली तर बॅग ठीक, तिरपी करून ओढायला घेतली की सगळा भार मनगटावर. चाकांचा आस मागं घ्यावा लागेल, किती मागं ते कुणी सांगणार नाही, करून बघावं लागेल. चाक रुंद हवं, दोन बोटं तरी, म्हणजे गवतात रुतणार नाही, पण बाहेर आलेलं नको, नाही तर डिकीत अडकतं आणि पायाला लागतं. म्हणून बुडाशीच दोन खोबणी केल्या आणि चाकं आत घेतली, वरून कापडाची झडप, की चिखल आत उडू नये. मी बॅगेत काठ्यांच्या जागी सळया भरल्या आणि इंदूला म्हटलं, ओढ. ती व्हरांड्यापासून फाटकापर्यंत ओढत जायची, मी मागून बघत जायचो, तिचं मनगट, खांदा, बॅगेचा तिरका कोन. थांब. परत. जरा हळू. पुन्हा ओढ. सकाळी तीसतीस चकरा. एकदा फाटकापाशी ती दम घेत थांबली आणि म्हणाली, "लग्नात सात पावलं चाललो, त्याच्यानंतर आत्ताच चालून राहिलो आपण." आणि हसली, अंगातलं सगळं हसू एकदम बाहेर यावं तशी. मीही हसलो. आस दीड इंच मागं घेतल्यावर बॅग अशी हलकी झाली की तिनं ती करंगळीत धरून ओढून दाखवली. मी खूश होतो. आता लपवून काय करू, मी त्या दोन महिन्यांत इतका खूश होतो की मला माझीच लाज वाटत होती.

आणि मग मंगळवारी, हा गेला मंगळवार, ती फोनवर तिच्या बहिणीशी, राधिकाशी, बोलत होती. ही तिच्या माहेरची माणसं म्हणजे भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात बसलेली, ते चारचौघात तसं सांगतातही, आणि आम्ही गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीपायी आलेले, तर आम्ही त्यांच्या हिशेबी अजून फलाटावरच उभे आहोत. मी पाणी प्यायला आत गेलो होतो. इंदू म्हणत होती, "हो नं, चाकं बसली. यांचं झालं आता. पुढचं मी पाहून घेईन." यांचं झालं. मी पेला तोंडाला लावून तसाच उभा राहिलो. तिच्या बोलण्यात काहीही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. भाजी झाली, कपडे झाले, तसं यांचं झालं. पण माझ्या छातीत कुणी पान्यानं पीळ दिल्यासारखं झालं. म्हणजे चाकं बसली आणि माझा विषय संपला, आता पुन्हा दिवाणावर जा, आणि या वेळी मागच्या खोलीत आवाजही राहणार नाही. मी पेला जोरात आपटला. तिनं फोन बाजूला धरून विचारलं, "काय झालं जी?" मी म्हणालो, "पाणी गरम आहे."

गुरुवारी इंदू बॅगेच्या चेन आणायला सदर बाजारात गेली होती. मागच्या खोलीत एकटी कांताबाई होती. ती बारा वर्षं आमच्याकडे शिवते, भंडाऱ्याकडची, हात असा की उलटी शिवण सुलट वाटावी. ती झडप शिवायला बसली होती. तिथूनच तिनं आवाज दिला, "भैया, चक्क्यापाशी किती सोडू जी?" मी दिवाणावर पेपर वाचत होतो. "दोन सूत," मी म्हणालो. जरा वेळ मशीन सुरू झाली नाही. मग तिनं विचारलं, "दोनच सूत?" आता हा प्रश्न बघा. लोखंडाचं काम केलेला माणूस दोनच सूत असं कधी विचारणार नाही, दोन सूत म्हणजे भरपूर जागा. दोनच असं विचारतो तो, ज्याच्या हातात दिवसभर दोरा असतो, ज्याच्या लेखी सूत म्हणजे धागा, आणि दोन सूत म्हणजे दोन धाग्यांची जागा. मी पेपर खाली केला. मला उठून जाता आलं असतं, दहा पावलं होती. इथून ओरडूनही सांगता आलं असतं, अगं पाव इंच. मी म्हणालो, "हो. दोन." मशीन सुरू झाली आणि न थांबता चालली.

संध्याकाळी बॅग पूर्ण होऊन व्हरांड्यात उभी राहिली. निळी, आत लाल अस्तर, देखणी. मी वाकून पाहिलं. झडपेची कड चाकाला जवळजवळ टेकली होती. फरशीवर ओढली, चालली. कॉलोनीच्या सिमेंटच्या रस्त्यावर ओढली, तिथंही चालली, कारण कापड कोरडं होतं. ते भिजलं की काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. इंदू माझ्याजवळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बरोबर आहे नं जी?" मी चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "फस्ट क्लास," मी म्हणालो. शुक्रवारी मी स्वतःला सांगितलं की मी माप बरोबर सांगितलं होतं. शनिवारीही सांगितलं. सूत म्हणजे सूत, इंचाचा आठवा भाग, अख्ख्या सिलतऱ्यात कुणालाही विचारा. मला काय माहीत बायका सूत म्हणजे काय समजतात?

जुन्या रायपूरची वस्ती लागली, रस्ता अरुंद झाला, समोर एक ट्रॅक्टर आला आणि हटेना. मी हॉर्न दाबून धरला. इंदू मागून म्हणाली, "राहू द्या नं, जाऊ द्या त्याले." त्या आवाजात राग नव्हता, आणि कसं कोण जाणे, त्या आवाजासरशी मला रेल्वे कॉलोनीतल्या बाबांच्या दोन खोल्या आठवल्या. लग्नाला चार महिने झाले होते. माझ्याकडे नवा कॅलिपर होता, मापाचा, मी तो रुमालात गुंडाळून नेत असे. इंदू म्हणाली, मी पिशवी शिवून देतो. नव्हे, देते म्हणाली; आमच्याकडे बायकाही देतो म्हणतात, पण तेव्हा ती नवी होती आणि माझ्या आईसमोर पुस्तकातलं बोलायची. मी म्हणालो, दोन सूत ढिली ठेव. पिशवी झाली, सुंदर झाली, आणि कॅलिपर आत जाईना. मी तापलो, दोन सूत सांगितलं होतं नं तुला? तिनं शांतपणे पिशवीच्या कडेचे दोन धागे ओढून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "हे घ्या तुमचे दोन सूत." मला कळायला जरा वेळ लागला. मग आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की बाहेरच्या खोलीत बाबा मुद्दाम खोकले. पुढं कितीतरी वर्षं घरात ती थट्टा चालली. चहात साखर किती? दोन सूत. डोकं किती दुखतं आहे? दोन सूत. ते केव्हा बंद झालं ते आठवत नाही. पण ते मी विसरलो होतो हे खोटं आहे. कांताबाईनं "दोनच?" विचारलं तेव्हा माझ्या तळहातावर ते दोन धागे होते, आणि मी हो म्हणालो.

घरी आलो. रविवार असून कांताबाई पायरीवर बसली होती, निकाल ऐकायला आली होती. इंदूनं सांगितलं तशी ती उठून उभी राहिली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "दीदी, भैयानं दोन सूत म्हटलं, मी दोनच सोडले. मी विचारलंही होतं." "तुझी काही चूक नाई," इंदू म्हणाली. "ये आत." दोघींनी बॅग मागच्या खोलीत नेली, खिडकीपाशी टेबलावर आडवी घातली. मीही मागोमाग गेलो. मला त्या खोलीत कुणी बोलावलं नव्हतं. इंदूनं झडपेची शिवण उसवायला घेतली. एक टाका, एक टाका, कापडाला न दुखवता. कांताबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, "आता किती सोडू?"

"पाव इंच," इंदू म्हणाली.

तिनं सूत हा शब्द वापरला नाही. माझा शब्द होता तो, माझ्या बापाचा, माझ्या मिलचा, आमच्या दोघांचाही होता एकेकाळी, आणि तिनं तो न रागावता बाजूला ठेवला, पुन्हा कधीही लागणार नाही असा. मला ते सहन झालं नाही. तिनं मला शिव्या द्याव्यात, भांडी फेकावीत, तीस वर्षांचं सगळं उकरून काढावं, पण असं नको. "मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "गुरुवारीच. फट कमी आहे हे मले दिसलं होतं. भिजलं की धरणार, हेही कळलं होतं."

कांताबाई खाली बघू लागली. इंदूनं उसवलेला दोरा हळूच ओढून काढला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मलेही कमी वाटली होती."

"मग तू काहून नाही..."

"तुम्हाले विचारलं नं मी. तुम्ही फस्ट क्लास म्हणाले. मी म्हटलं चाकाचं यांना कळते, माझंच चुकत असंन. तरी जीव राहिना." तिनं हातातलं ब्लेड मला दाखवलं. "हे पर्समध्ये घेऊन गेली होती मी सकाळी. सुई-दोरा पण. तुम्ही गाडीत बोलले असते, तिथं उतरल्यावर बोलले असते, तर तिथंच गवतात बसून पाच मिनिटांत उसवून टाकलं असतं. पहिल्या होलपर्यंत तुमच्याच तोंडाकडे पाहून राहिली होती मी, बॅगेकडे नाई. आता बोलतील, आता बोलतील."

मी टेबलाची कड धरली. "पुढच्या रविवारी मी..." एवढं म्हणालो.

"रविवारी कांताबाई येईल माझ्यासंग," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ." आणि मी तिथंच उभा आहे असं पाहून, मगाच्याच, न रागावलेल्या आवाजात म्हणाली, "जरा सरका. उजेड अडून राहिला."

मी खिडकीपासून बाजूला झालो.